फळ्याकडे वळल्यावर

आश्रमशाळा, ता. धडगाव
६ जुलै २०२५

आदरणीय हेमकांत सरांना,
सप्रेम नमस्कार.

मी रोशनी पाटील. २०१२ साली गावच्या हायस्कूलमध्ये तुम्ही आम्हाला नववीला विज्ञान शिकवायचात. पहिल्या बाकावर खिडकीशी बसायची ती मी. आठवत असेन असं धरून लिहिते. मे महिन्यात घरी गेले होते तेव्हा शाळेचे शिपाई शांतीलालभाऊ बसथांब्यावर भेटले. तुमची चौकशी केली तर म्हणाले, "सर आते चिंचपाडाले शेतस, दवाखानामा नोंदणीनी खिडकीवर बसतस." चिंचपाड्याच्या दवाखान्याचा पत्ता त्यांनीच दिला.

सर, मीही शिक्षिका झाले. बी.एड. करून गेल्या वर्षी शिक्षण सेवक म्हणून इथे लागले. आठवीला गणित आणि विज्ञान माझ्याकडे आहे. वर्गात एकेचाळीस मुलं, जवळजवळ सगळी पावरा आदिवासी. घरी पावरी बोलतात आणि आपापसांतही तीच. माझं पुस्तकी मराठी त्यांना परकं आणि त्यांची पावरी मला.

मी फळ्याकडे वळले की मागे सुरू होतं. आधी एक जण बाकावर ठेका धरतो, मग सगळे. वळून पाहिलं की सगळ्यांचे हात मांडीवर. खडू नाहीसे होतात. परवा दोघं खिडकीतून उतरून ओढ्यावर गेले. पण सगळ्यात जास्त त्रास एका मुलीचा आहे. रिना पावरा. बाकीच्यांपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल. ती माझी नक्कल करते. मी "लक्ष द्या, मुलांनो" म्हटलं की मागून माझ्याच आवाजात "लक्ष द्या, मुलांनो" येतं. चष्मा वर सारायची माझी सवयसुद्धा तिने उचलली आहे. वर्ग हसून लोळतो.

सकाळी घंटा झाली की मी वर्गात शिरायला उशीर लावते. तुम्ही कधी आमच्यावर चिडलेले मला आठवत नाही. तुम्ही कसं सांभाळलंत आम्हाला? काही सांगाल का? इथे वरच्या टेकडीवर गेलं तरच रेंज मिळते, म्हणून पत्र.

तुमची विद्यार्थिनी,
रोशनी


चिंचपाडा, ता. नवापूर
२० जुलै २०२५

चि. रोशनीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुला ओळखलं. शिक्षिका झालीस, चांगलं झालं.

वडिलांच्या आजारपणामुळे मला शाळा सोडावी लागली. आता इथे बरं चाललं आहे. खिडकीत येणाऱ्याला नाव, गाव, वय विचारायचं आणि केसपेपर करून द्यायचा. पत्नी प्रमिला अंगणवाडीत आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. प्रत्येक वर्गात एक म्होरक्या असतो. तो नमला की बाकीचे नमतात. तुझ्या वर्गात ती मुलगी आहे. हसू नकोस, सवलत देऊ नकोस. पुन्हा नक्कल केली की भिंतीकडे तोंड करून उभी कर, सगळ्यांसमोर. चार दिवसांत फरक पडेल.

फोन नंबर लिहीत नाही. फोनवर बोलताना माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

हेमकांत बागुल


आश्रमशाळा, ता. धडगाव
१७ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राप्रमाणे केलं. सोमवारी रिनाने नक्कल केली आणि मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मंगळवारी पुन्हा. बुधवारी नक्कल केली नाही, नुसती हसली, तरी उभं केलं. वर्ग इतका गप्प झाला की बाहेर स्वयंपाकघरातल्या पातेल्यांचा आवाज ऐकू यायला लागला. अपूर्णांकांचा अख्खा धडा एका तासात झाला. मुख्याध्यापक करणसिंग सर दारावरून गेले, थांबले आणि पुढे गेले. त्यांना बरं वाटलं असावं असं मी धरलं.

गुरुवारी मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. "मी मॅडमची नक्कल करणार नाही" हे वाक्य शंभर वेळा लिहून आण, असं तिला सांगितलं. ती पेन हातात धरून दिवसभर बसली आणि संध्याकाळी कोरं पान समोर ठेवलं. इतकी मुजोरी मी पाहिली नव्हती. शनिवारपर्यंत मुदत दिली. शनिवारीही पान कोरंच.

वर्ग शांत आहे, सर. पण मला जेवण जात नाही. का ते कळत नाही.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुष्कळदा वाचलं. त्यावर मला लिहायचं आहे, आज जमत नाही.

तुमची,
रोशनी


आश्रमशाळा, ता. धडगाव
१४ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,

तुमचं उत्तर आलेलं नाही, तरी लिहिते.

रिना शाळा सोडून गेली. एका सकाळी वसतिगृहात तिची गादी गुंडाळलेली होती आणि पेटी रिकामी. आम्ही दिवसभर ओढा, रस्ता, जीपचा थांबा सगळं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की पोरगी तिच्या पाड्यावर पोचली आहे. अकरा किलोमीटर डोंगरातून एकटी चालत गेली. तिला काही झालं असतं तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

करणसिंग सरांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातील, पोरगी घरी असली तर तिलाही नेतील, आणि मग ती परत शाळेचं तोंड पाहणार नाही. मी त्याच दिवशी राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. दिवाळीनंतर आदिवासी प्रकल्प कार्यालयात पाठवतो म्हणाले.

आता मागच्या पत्रात लिहायचं राहिलं ते. सर, मी पहिल्या पत्रात तुमच्याशी खोटं वागले. तुम्ही आम्हाला कसं सांभाळलंत असं विचारलं, जणू मला काही आठवतच नाही.

त्या दिवशी शाळा समितीची माणसं वर्गात मागे खुर्च्यांवर बसली होती. तुम्ही फळ्यावर प्रकाशकिरण काढला आणि मला उठवलंत. माझं उत्तर पाठ असतं म्हणून मलाच उठवलंत. आणि मी "प... प... प... परावर्तन" म्हटलं. तुम्ही अडखळायचात तसं, मान वाकडी करून. वर्ग फुटला. खुर्च्यांवरची माणसंही हसली. तुम्ही खडू ठेवून हात झटकलेत. पुढच्या सोमवारपासून तुम्ही आलाच नाहीत.

त्या वर्षी मुली मला सरांची लाडकी म्हणायच्या, माझ्याशी कोणी बोलत नसे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांनी मला आपल्यात बसवून घेतलं आणि स्वतःच्या डब्यातलं दिलं. मला फार आनंद झाला होता, सर. हेच सांगायला सगळ्यात जड जातं.

रिना माझा आवाज काढते तेव्हा मला तुम्ही दिसता. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. आता माझी जाते आहे, ते बरोबरच आहे.

क्षमा मागते.
रोशनी


चिंचपाडा
२४ सप्टेंबर २०२५

चि. रोशनीस,

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून लिहितो आहे. खोटं मीही लिहिलं.

वडील आजारी नव्हते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा आठवडाभर मी त्याला हात लावला नाही. मला राग आला होता. तेरा वर्षांनंतर ही मुलगी विचारते, तुम्ही आम्हाला कसं सांभाळलं? मग मी तुला जे लिहिलं, तसा मी वर्गात एक दिवसही वागलो नव्हतो. मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करणारे दुसरे एक सर होते. माझ्या मनात कुठेतरी असंही होतं, की करून पाहू दे हिला. ती पोर डोंगरातून एकटी चालत गेली त्यात माझाही हात आहे. तेवढं ओझं एकटीने घेऊ नकोस.

तुझ्यामुळे मी गेलो नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. तो दिवस अजून लागतो. पण फक्त तुझ्यामुळे गेलो असंही नाही. वर्ग आधीपासूनच माझ्या हातात नव्हता. मागच्या बाकांवर कोण बसतं हे मला नावांनी माहीत नव्हतं. दीड वर्षात मी तुमच्यापैकी एकाच्याही घरी गेलो नाही. बोलताना अडेन या भीतीने तास संपला की सरळ खोलीवर जायचो. मुलं हसायची ती माझ्या बोलण्याला हसायची असं मी धरून चाललो. काही जण नुसते कंटाळले असतील. मी विचारलं कधी नाही.

विचारायला मी इथे खिडकीवर शिकलो. पहिल्या वर्षी मी भराभर विचारायचो आणि बाया गप्प उभ्या राहायच्या. मला वाटायचं, अडाणी आहेत, नाहीतर ऐकत नाहीत. एकदा एक म्हातारी तीनदा विचारूनही नाव सांगेना. मागचा माणूस म्हणाला, तिला कमी ऐकू येतं आणि लोकांसमोर सांगायची लाज वाटते. तेव्हापासून उत्तर आलं नाही की मी खिडकीतून उठून बाहेर जातो, शेजारी उभा राहून हळू विचारतो. इथल्या आदिवासींची कोकणी मोडकीतोडकी बोलतो. त्यांच्यासमोर अडखळतोही, त्यांना त्याचं काही नसतं.

तू नोकरी सोड की ठेव, ते मी सांगणार नाही. सोडणं पाप नाही, मीही सोडलीच. पण आधी त्या मुलीच्या घरी जाऊन ये. तिला परत आणायला म्हणून नको. कोऱ्या पानाचं काय होतं तेवढं विचारायला जा.

बाकी, "क्षमा मागते" असं लिहिलंस. केली.

हेमकांत


आश्रमशाळा, ता. धडगाव
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,

गेल्या रविवारी जाऊन आले. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या रुखमाबाई त्याच बाजूच्या आहेत, त्या सोबत आल्या. सकाळी निघालो. दोन ओढे ओलांडले. माझी चप्पल एका ओढ्यात गेली आणि पुढचं अंतर मी अनवाणी चालले. रुखमाबाईंनी त्यांच्या चपला देऊ केल्या, मी नको म्हटलं, तर त्यांनीही आपल्या काढून हातात घेतल्या.

पाड्यावर पोचलो तेव्हा घरामागून माझाच आवाज ऐकू आला. खरंच सांगते. कुडाच्या आडून पाहिलं तर रिना मागच्या अंगणात चार लहान पोरांना बसवून उभी होती. समोर मक्याचं कणीस. ते मोडून तिने दोन तुकडे केले, मग चार, आणि पावरीत काहीतरी समजावत होती. मधूनच मराठीत, माझ्या आवाजात, "खालचा आकडा मोठा झाला की तुकडा मोठा होतो का? इकडे बघा, फळ्यावर काय आहे?" नाकावर नसलेला चष्मा वर सारत. मी ज्या क्रमाने शिकवला होता त्याच क्रमाने तो धडा होता. भिंतीकडे तोंड करून उभी असताना ऐकलेला भागही त्यात होता. बोलताना मी केलेली एक चूकसुद्धा तिने सोडली नव्हती.

मला हसू आलं. माझी कोणी नक्कल करत असताना मला पहिल्यांदाच हसू आलं. रुखमाबाई तर तोंडाला पदर लावून खाली बसल्या.

आम्हाला पाहिल्यावर ती घरात पळाली. तिचे वडील इंद्रसिंग यांनी बाहेर खाट टाकली, पाणी दिलं. माणूस शांत आहे. रुखमाबाईंमार्फत बोलणं झालं. ते म्हणाले, पोरगी तिसरीत असल्यापासून दर वर्षी आमच्यासोबत ऊसतोडीला यायची, गेल्याच वर्षी वय वाढलं म्हणून तिला एकदम सातवीत घातलं. आता राहत नाही म्हणते, तर पुन्हा नेऊ. त्यात त्यांचा राग नव्हता. तुम्ही पायी आलात, जेवून जा, म्हणाले.

जेवणानंतर मी एकटीच ओसरीत जाऊन तिच्या शेजारी बसले. तुमचं पत्र आठवून हळू विचारलं. भिंतीकडे उभं केलं ते माझं चुकलं, हेही सांगितलं. ती नखाने जमीन कोरत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मला लिहिता येत नाही. वाचता पण नाही. वर्गात सांगू नका."

सर, ती पूर्ण वर्षभर कानाने शिकत होती. फळ्याकडे बघ म्हटलं, वाच म्हटलं की तिला भीती वाटायची, आणि त्याच वेळी ती नक्कल सुरू करायची. वर्ग हसला की वाचायचं राहून जायचं. मी हे वहीवरून ओळखायला हवं होतं. वही तपासताना मी फक्त कोरं पान पाहिलं आणि मुजोर असा शेरा मारून सही केली.

मी तिला सांगितलं की आलीस तर रोज संध्याकाळी जेवणाआधी रुखमाबाईंच्या स्वयंपाकघरात आपण दोघी बसू, वर्गात कुणाला कळणार नाही. ती हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आहे. पाड्यावरची माणसं भाऊबीज झाली की निघतील.

राजीनामा अजून ड्रॉवरमध्ये आहे. मी परत मागितलेला नाही.

रोशनी


चिंचपाडा
२ नोव्हेंबर २०२५

चि. रोशनीस,

पत्र दोनदा वाचलं, एकदा प्रमिलेला वाचून दाखवलं. तिला तू आणि तुझा वर्ग, सगळं माहीत आहे आता. इतकी वर्षं मी तिलाही वडिलांच्या आजारपणाचंच कारण सांगत आलो होतो, आणि माझे वडील तिच्या हातचं जेवून शेतावर जायचे. तिने ते कधी उघड केलं नव्हतं.

मुलगी आली का, कळव. नाही आली तरी कळव.

हेमकांत


आश्रमशाळा, ता. धडगाव
२३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

शाळा उघडली त्या दिवशी तिची जागा रिकामी होती. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही. मी टेकडीवर जाऊन आईला फोन करून नोकरी सोडून घरी येते म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी दुपारी रिना आपल्या आजीसोबत फाटकात उभी होती. आईवडील ऊसतोडीला गेले, ही आजीकडे मागे राहिली आणि आजीला घेऊन आली. आजीने माझा हात धरून पावरीत बरंच काही सांगितलं. रुखमाबाईंनी त्याचा अर्थ एवढाच सांगितला की पुन्हा भिंतीकडे उभं केलंत तर मी स्वतः येईन.

करणसिंग सरांनी राजीनामा परत दिला. मागची बाजू कोरी आहे, वाया घालवू नका, म्हणाले. मी त्यावर रिनासाठी मोठ्या अक्षरात बाराखडी लिहिली. आता "का कि की" वर आहोत. ती हुशार आहे आणि फार लवकर चिडते. परवा पाटी आपटून फोडली. मग तिनेच तुकडे गोळा केले.

वर्ग सुधारला असं समजू नका. बाकावरचा ठेका अजून चालतो. मी त्याच ठेक्यावर पाढे म्हणून घेते, तेव्हा अर्धे जण पाढे म्हणतात आणि अर्धे नुसतं बडवतात. रिना नक्कल करते, पण आता मीच तिला उठवते. कालचा भाग मॅडमसारखा सांग, म्हणते. ती पावरीत सांगते आणि जे मला इतके दिवस समजावता आलं नाही ते सगळ्यांना समजतं. मीही थोडी पावरी शिकते आहे. माझे उच्चार ऐकून मुलं हसतात.

एक अडचण आहे. जानेवारीत प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा येतो. तो उघडला की मी लगेच पुस्तक मिटते. गेल्या वर्षी मी तो मुलांना आपापला वाचायला सांगून टाळला होता. तो धडा तुम्ही येऊन घ्याल का? लांब आहे, मला कळतं. नाही म्हणालात तरी राग येणार नाही.

रोशनी


चिंचपाडा
१२ जानेवारी २०२६

चि. रोशनीस,
आशीर्वाद.

काल दुपारी घरी पोचलो. धडगावहून येताना बसमध्ये उभं राहावं लागलं, पाय दुखताहेत. तरी पत्र आजच लिहितो.

तुझं बोलावणं आलं तेव्हा नाही म्हणायचं ठरवलं होतं. प्रमिला म्हणाली, "इतला दिन मनमा ठेवं, आते तरी एक डाव जाई या." तरी मी डिसेंबर घालवला. निघालो तेव्हाही नंदुरबार स्टेशनवर उतरून परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं होतं. हे तुला तिथे सांगितलं नाही.

वर्गात काय झालं ते तू पाहिलंसच. पण तू दाराशी भिंतीला टेकून उभी होतीस आणि तुझा चेहरा इतका पांढरा पडला होता, की तुला नीट दिसलं असेल याची मला खात्री नाही. म्हणून माझ्या बाजूने सांगतो.

मी नाव सांगितलं. खडू घेतला. फळ्याकडे वळलो, किरण काढला आणि "प्र" वर अडलो. तेरा वर्षांपूर्वी अडायचो तसाच. मागे कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं तिघं. खडू खाली ठेवावासा वाटला. ठेवला नाही. मी वाट पाहिली, शब्द आला, मी म्हटला. मग वळून त्या हसणाऱ्या मुलाला त्याचं नाव विचारलं. गोकुळ, म्हणाला. मी म्हटलं, "गोकुळ, माझी जीभ या शब्दाला अशीच अडते, पुन्हा अडेल. तू हा आरसा धर." त्याने धरला. खिडकीतल्या उन्हाचा कवडसा छतावर पडला, आणि त्यानंतर माझ्याकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. सगळ्यांना आरसा हवा होता. अर्ध्या तासात मी सहा वेळा अडलो. मोजलं मी. शेवटच्या तीन वेळा कुणी हसलं नाही, त्यांना पुढे काय होतं ते पाहायची घाई होती.

एवढंच होतं ते, रोशनी. कुणी हसलं तर हसू द्यायचं आणि पुढचं वाक्य म्हणायचं. त्या दिवशी तुमच्या वर्गात मला ते सुचलं नाही. पंचवीस वर्षांचा होतो. आता त्या वेळच्या स्वतःचा राग करावासा वाटत नाही.

तास संपल्यावर तू व्हरांड्यात रडलीस आणि मी काही बोललो नाही. मला शब्द सुचत नव्हते, अडत नव्हते. दोन्हींत फरक आहे.

रिनाने निघताना मला एक प्रश्न विचारला, तो तुला सांगायचा राहिला. पाण्यात पाहिलं की चेहरा दिसतो, पण पाणी हाललं की मोडतो, मग तो प्रकाश कुठे जातो? मी तिला म्हटलं, याचं उत्तर नीट करून दाखवावं लागेल, सांगून भागणार नाही. त्यासाठी पसरट परात, पाणी आणि तीन चार आरसे लागतील.

इथे मला महिन्यातला दुसरा शनिवार सुट्टीचा असतो. दर महिन्याला जमणार नाही, प्रवास फार आहे. एक महिना सोडून जमेल. करणसिंग सरांना विचारून ठेव. मार्चमध्ये येतो. परात रुखमाबाईंकडे मिळेल, आरसे मी नवापूरच्या बाजारातून आणतो.

तुझा,
हेमकांत सर